जवळ दिसणें आणि जवळ असणें

इंझोरीस आमचें जुनें घर आहे. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यांतील हें गांव. भोंवतीं काळी जमीन आणि तिच्यांत कपाशी, तूर व अलीकडे सोयाबीन. घरांतील बहुतेक मंडळी नोकरीनिमित्त अमरावती, नागपूर, पुणें अशी पांगली असली, तरी दिवाळीस सर्वांनीं गांवीं जमावयाचें, हा आजोबांच्या वेळचा शिरस्ता अजून मोडलेला नाहीं. २०२५ सालच्या दिवाळींतहि आम्ही लहानथोर मिळून तेवीसजण जमलों होतों.

नरकचतुर्दशीच्या पहांटे बंबांतलें पाणी तापेपर्यंत वेळ होता, म्हणून मी माडीच्या धाब्यावर गेलों. पाहतों तों धाकट्या भावाची मुलगी चिमी अंगावर शाल लपेटून तेथें आधींच उभी! ती पुण्यास खगोलशास्त्राचा अभ्यास करते. गांवांतली वीज नेमकी त्या वेळीं गेलेली होती, आणि तिच्या जाण्याबद्दल आयुष्यांत प्रथमच मला वाईट वाटलें नाहीं. ईशान्येस सप्तर्षींचा चौकोन शेतांवरून वर चढत होता.

“काका, त्या चौकोनाच्या थोडें वर,” ती म्हणाली, “नुसत्या डोळ्यांना दिसणार नाहीं, पण मोठ्या दुर्बिणींतून पाहिलें, तर तेथें दोन ठिपके अगदीं लागून दिसतात. जुळ्या बहिणीच जणूं. पण त्या दोन नाहींत, एकच आहे! एकींत जो फरक आज दिसतो, तोच दुसरींत ४१७ दिवसांनीं दिसतो.”

मी शाळेंत गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस. एक म्हणजे दोन, हें मी सहजासहजीं कबूल करणार नाहीं. मी कांहीं विचारणार, इतक्यांत खालीं चौकांत बंबाशीं बसलेली धाकटी काकू उठली. भाऊ दुधाची चरवी घेऊन बाहेर निघाला होता. तो दाराशीं येण्यापूर्वींच ती हातांतला दिवा घेऊन माजघरांत निघून गेली. ही तिची फार जुनी संवय आहे. घरांतलें कोणी बाहेर जाण्यास निघालें, कीं ती समोर राहत नाहीं. इतरांचें या संवयीकडे लक्ष नसतें. माझें असतें, आणि त्याचें कारण पुढें येईलच.

त्या दिवशीं फराळाच्या पानावरून उठल्यापासून रात्रीं निजेपर्यंत मीं चिमीला सोडलें नाहीं. तिनें जें सांगितलें व मला जेवढें समजलें, तेवढें येथें मांडतों.

आकाशाकडे पाहतांना आपली पहिली चूक एकच होते. आकाशाला खोली आहे, हें आपण विसरतों. २१ डिसेंबर २०२० च्या सायंकाळीं गुरु आणि शनि यांची युति झाली होती, ती पुष्कळ वाचकांनीं पाहिली असेल. दोन्ही ग्रह इतके जवळ आले होते कीं अंधुक दृष्टीच्या माणसाला तो एकच तारा वाटावा. वस्तुतः त्या वेळीं त्यांच्यांत सत्तर कोटी किलोमीटरांहून अधिक अंतर होतें. ते एकमेकांच्या जवळ नव्हते; आपल्या नजरेच्या एका रेषेवर होते, इतकेंच.

ग्रहांची अंतरें ठाऊक असल्यामुळें येथें फसगत होत नाहीं. परंतु जेथें अंतरच नक्की ठाऊक नाहीं, तेथें काय करावयाचें? दूरच्या दीर्घिकांचें, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या महाकाय समूहांचें अंतर मोजण्याची एक सोय आहे. त्यांच्या प्रकाशाचा वर्णपट पाहिला, तर त्यांतील ओळखीच्या रेषा तांबड्या टोंकाकडे सरकलेल्या दिसतात. दीर्घिका जितकी दूर, तितकें हें सरकणें अधिक. या सरकण्याला ताम्रसृति म्हणतात. १९६३ सालीं मार्टेन श्मिट या शास्त्रज्ञानें कन्या राशींतील एका ताऱ्यासारख्या ठिपक्याचा वर्णपट उलगडला, तेव्हां त्याची ताम्रसृति इतकी मोठी निघाली कीं तो ठिपका दोनशें कोटी प्रकाशवर्षांहून दूर असला पाहिजे असें ठरलें. दिसावयास तारा, आणि तेज शेंकडों दीर्घिकांचें मिळून होईल एवढें! अशा वस्तूंना क्वासार हें नांव मिळालें. पुढें ते हजारोंनीं सांपडले.

येथें एका हट्टी माणसानें गणिताची घडी विसकटली. हॉल्टन आर्प हे अमेरिकेंतील पालोमार वेधशाळेंत काम करीत. चमत्कारिक आकाराच्या ३३८ दीर्घिकांचा त्यांचा चित्रसंग्रह १९६६ सालीं निघाला. आर्प यांना असें दिसूं लागलें, कीं जवळच्या दीर्घिकांच्या आसपास दूरचे म्हटले जाणारे क्वासार अपेक्षेहून अधिक आढळतात. कालेय तारकासमूहांतील एन. जी. सी. ४३१९ या दीर्घिकेची ताम्रसृति सेकंदास सुमारें १,७०० किलोमीटर वेग दर्शविते. तिच्या अगदीं कडेला मार्केरियन २०५ ही क्वासारसारखी वस्तु आहे, तिची २१,००० किलोमीटर. सर्वमान्य हिशेबानें दोघींचा कांहीं संबंध नाहीं. आर्प यांच्या छायाचित्रांत मात्र त्यांना जोडणारा एक अंधुक पूल दिसत होता. त्यांचें म्हणणें असें, कीं क्वासार दूरचे नव्हेतच; ते जवळच्या दीर्घिकांच्या गर्भांतून बाहेर फेंकले गेलेले आहेत, आणि त्यांची ताम्रसृति अंतरामुळें नसून निराळ्याच कारणानें आहे. ही गोष्ट खरी ठरती, तर विश्वाचें सारें मापच बदललें असतें.

या वादांत आपल्यापैकीं एक थोर माणूस आर्प यांच्या बाजूस उभा होता, हें मला चिमीनें सांगितलें तेव्हां कळलें. जयंत विष्णु नारळीकर हें नांव मराठी घरांत कोणाला सांगावयास नको. जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा. वडील बनारस विद्यापीठांत गणिताचे प्राध्यापक, आई संस्कृतच्या विदुषी. केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्याबरोबर काम करून ते १९७२ सालीं स्वदेशीं परतले, आणि १९८८ सालीं पुण्यास ‘आयुका’ ही संस्था त्यांनीं उभारली. त्यांच्या विज्ञानकथा आमच्या घरांतील तीन पिढ्यांनीं वाचल्या आहेत. १९८० सालीं दास या सहकाऱ्यासह त्यांनीं असा सिद्धान्त मांडला, कीं नव्यानें जन्मलेल्या द्रव्यांतील कणांचें वस्तुमान आरंभीं थोडें असतें व कालांतरानें वाढतें. ज्या द्रव्यांतील इलेक्ट्रॉन हलके, त्याचा प्रकाश अधिक तांबडा. म्हणून दीर्घिकेंतून नुकत्याच बाहेर पडलेल्या क्वासारची ताम्रसृति तो जवळ असूनहि मोठी भरेल. बहुतेक ज्योतिर्विदांना हें पटलें नाहीं. आर्प यांना तर पुढें मोठ्या दुर्बिणींवर वेळच मिळेना, व ते जर्मनीस निघून गेले. नारळीकरांनीं मात्र प्रश्न सोडला नाहीं. बहुमत झालें म्हणजे उत्तर मिळालें, असें ते मानीत नसत.

विरोधकांचा पहिला आक्षेप गणिताचा होता, आणि तो मला तत्काळ पटला. आकाशांत दीर्घिका असंख्य, क्वासारहि असंख्य. इतक्या गर्दींत कांहीं जोड्या शेजारीं शेजारीं दिसणारच. आधीं जोडी पाहावयाची आणि मग “अशी जोडी योगायोगानें पडण्याचा संभव लाखांत एक” असें म्हणावयाचें, हें बाण मारून झाल्यावर त्याच्याभोंवतीं वर्तुळ काढण्यासारखें आहे. खरी कसोटी अशी, कीं नियम आधीं ठरवावा, मग जुळलेल्या आणि न जुळलेल्या सर्वच जोड्या मोजाव्या.

गंमत अशी, कीं हीच कसोटी नारळीकरांनीं स्वतः दुसऱ्या एका ठिकाणीं लावली होती. २००८ सालीं त्यांनीं पुण्यास कांहीं सहकाऱ्यांसह फलज्योतिषाची परीक्षा घेतली. शंभर हुषार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र करून त्यांतील चाळीस चाळीस पत्रिका ज्योतिष्यांस दिल्या, आणि कोणती पत्रिका कोणत्या मुलाची तें ओळखण्यास सांगितलें. सत्तावीस ज्योतिष्यांनीं उत्तरें पाठविलीं. बरोबर उत्तरांचें प्रमाण शेंकडा ४६ निघालें. नाणें उडवून उत्तर दिलें असतें, तरी पन्नासाच्या आसपास बरोबर आलीं असतीं.

हें ऐकतांना माझें मन आकाशांतून खालीं उतरलें, आणि आमच्याच माजघरांत जाऊन उभें राहिलें.

धाकटी काकू १९६१ सालीं आमच्या घरांत आली. ती त्या वेळीं एकोणीस वर्षांची, मी सहा वर्षांचा. तिच्या गृहप्रवेशाला तीन महिने झाले नाहींत, तों आजोबा वारले. पुढल्या सालीं बैलजोडीपैकीं एक बैल गेला. १९६४ सालीं काका विषमज्वरानें गेले, आणि बाविसाव्या वर्षीं ती विधवा झाली. मूलबाळ नव्हतें. कोणी प्रथम म्हटलें तें मला ठाऊक नाहीं. परंतु ‘पांढऱ्या पायाची’ हे शब्द आमच्या घरांत शिरले ते पुन्हा गेले नाहींत. उघड छळ झाला असें नाहीं. घर सुशिक्षित होतें. तिला कोणी उपाशी ठेवलें नाहीं, कीं घालून पाडून बोललें नाहीं. फक्त शुभकार्यांत ती मागें राहूं लागली, आणि घरांत जेव्हां जेव्हां मरण आलें, तेव्हां तेव्हां बायका एकमेकींकडे पाहून म्हणत, “ही होतीच ना तेथें!” ती खरोखरच तेथें असे. ही गोष्ट खोटी नव्हती.

१९७१ सालीं मी शालान्त परीक्षेस बसलों. केंद्र कारंज्यास होतें. सकाळची एस. टी. धरावयाची म्हणून मी देवाला नमस्कार करून बाहेर पडण्यास निघालों, तों काकू दारांत दह्याची वाटी घेऊन उभी! आई देवघरांत होती. मी उंबऱ्याच्या आंतच थांबलों आणि वहाण शोधण्याचें सोंग केलें. वहाण पायांशींच होती. काकूनें एक क्षणभर माझ्याकडे पाहिलें. मग तिनें वाटी कोनाड्यांत ठेवली आणि ती आंत निघून गेली. मीं आईच्या हातचें दहीं खाल्लें, परीक्षेंत उत्तम गुण मिळविले, आणि पुढें चौतीस वर्षें मुलांना संभाव्यतेचें गणित शिकविलें. त्या दिवसापासून घरांतलें कोणी बाहेर निघालें, तर धाकटी काकू समोर येत नाहीं.

हें मीं आजवर कोणास सांगितलें नव्हतें. पाडव्याच्या दुपारीं चिमीला सांगितलें. ती कांहीं वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “काका, क्वासारांची गोष्ट अजून संपली नाहीं. ती पुरी ऐका. तुम्हांला वाटतें कीं काकूआजीच्या बाबतींत सगळा योगायोगच होता. कदाचित् तसेंहि नसेल.”

तिनें मला माडीवरच्या जुन्या खिडकीशीं नेलें. त्या खिडकीच्या एका तावदानांत कांच ओततांना राहिलेला जाड फुगवटा आहे. त्यांतून पाहिलें, कीं परसांतल्या कडुनिंबाची फांदी वांकडी, मोठी आणि कधीं दुहेरी दिसते. “गुरुत्वाकर्षणहि असेंच भिंग होतें,” ती म्हणाली.

जड वस्तूच्या जवळून जातांना प्रकाश वांकतो, हें आइन्स्टाइनचें भाकीत १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणांत पडताळून पाहिलें गेलें. १९३६ सालीं त्यांनींच लिहिलें, कीं एका ताऱ्यामागें दुसरा तारा नेमका आला तर पुढचा तारा भिंगाचें काम करील. परंतु तें प्रत्यक्ष पाहावयास मिळण्याची आशा फारशी नाहीं. दुसऱ्याच वर्षीं फ्रिट्झ झ्विकी यांनीं सुचविलें, कीं एकट्या ताऱ्याचें सोडा, सबंध दीर्घिका हें काम कितीतरी चांगलें करील. त्यांचें म्हणणें खरें ठरण्यास बेचाळीस वर्षें लागलीं. १९७९ सालीं वॉल्श, कार्सवेल आणि वेमन यांना सप्तर्षींत दोन क्वासार शेजारीं शेजारीं दिसले. त्यांच्यांतील अंतर चंद्रबिंबाच्या रुंदीच्या तीनशेंवा हिस्सा, आणि दोघांचे वर्णपट एकासारखे एक. क्वासार एकच, मध्यें एक दीर्घिका आलेली, आणि तिच्या दोन बाजूंनीं वांकून आलेल्या प्रकाशाच्या या दोन प्रतिमा. एक वाट लांबची, म्हणून तिच्यावरची बातमी ४१७ दिवस उशिरां येते. पहांटे चिमीनें दाखविलेली जुळी बहीण ती हीच. त्याच सालीं नारळीकरांनीं शशिकुमार चित्रे यांच्यासह क्वासारांतील कांहीं भासमान अतिवेगांचा उलगडा मधल्या दीर्घिकेच्या भिंगानें होईल काय, याचा विचार मांडला होता. तेव्हां ही भिंगाची कल्पना त्यांना परकी नव्हती.

आतां मुख्य मुद्दा. भिंग दोन गोष्टी करतें. मागील वस्तूचें तेज वाढवितें, आणि तिच्या भोंवतींचें आकाश ताणून पसरवितें. पहिल्या गोष्टीमुळें जे क्वासार एरवीं आमच्या यादींत येण्याइतके तेजस्वी नव्हते, ते येऊं लागतात. दुसरीमुळें तेवढ्याच जागेंत ते विरळ होतात. जय कोणाचा? मी शिक्षक असल्यामुळें मला हें परीक्षेच्या भाषेंत चटकन् समजलें. सर्वांना तीन वाढीव गुण दिले, तर उत्तीर्णांची संख्या किती वाढेल? उत्तीर्ण होण्याच्या रेषेखालीं अगदीं लागून किती मुलें उभीं आहेत, त्यावर तें अवलंबून. अतितेजस्वी क्वासार फार थोडे आहेत, आणि त्यांच्याहून किंचित् मंद असलेले त्यांच्या कितीतरी पट. म्हणजे रेषेखालीं गर्दी आहे. तेथें भिंगानें लाभ होतो, आणि पुढच्या दीर्घिकांभोंवतीं तेजस्वी क्वासारांची दाटी दिसते. उलट मंद क्वासारांत रेषेखालीं तितकी गर्दी नाहीं. तेथें विरळपणा जिंकतो, आणि दीर्घिकांभोंवतीं त्यांचा तुटवडा दिसावयास हवा.

हें भाकीत सुरेख अशासाठीं, कीं त्यांत वादाचा निकाल लावण्याची सोय आहे. क्वासार जर दीर्घिकांचीं लेकरें असतील, तर मंद क्वासारांनीं त्यांच्यापासून दूर राहण्याचें कांहीं कारण नाहीं. भिंग असेल, तर तेजस्वी अधिक आणि मंद कमी, असें दोन्ही एकाच वेळीं दिसलें पाहिजे. २००५ सालीं अमेरिकेंतील ‘स्लोन’ आकाशपाहणींतील सुमारें दोन लाख क्वासार आणि एक कोटी तीस लाख दीर्घिका यांचा हिशेब मांडला गेला. परिणाम अगदीं नाजुक होता. परंतु तेजस्वी अधिक, मंद कमी, हें नेमकें तसेंच निघालें. त्याच सालीं बर्बिज दांपत्य, आर्प आणि नेपियर यांनीं एन. जी. सी. ३०७९ या दीर्घिकेभोंवतीं क्वासारांची अस्वाभाविक दाटी आहे असें प्रतिपादन केलें. ती दीर्घिका आमच्या त्या जुळ्या बहिणीच्या पलीकडे, चंद्रबिंबाच्या अर्ध्या रुंदीइतक्या अंतरावरहि नाहीं! आकाशाच्या एकाच तुकड्यावर दोन्ही पक्षांचा पुरावा.

आज बहुतेक शास्त्रज्ञ आर्प यांचा पक्ष मानीत नाहींत. पण मला यांतली एक गोष्ट विसरतां येत नाहीं. दीर्घिकांजवळ क्वासार अधिक दिसतात, हें म्हणणें सपशेल खोटें ठरलें नाहीं. तें पुष्कळ अतिशयोक्त होतें. परंतु योगायोग वजा केल्यावरहि एक खरा संबंध मागें उरला. मात्र तो जन्माचा संबंध नव्हता. पुढची दीर्घिका मागच्या क्वासारला जन्म देत नाहीं. ती त्याच्या प्रकाशाला वाट देते आणि त्याला दिसतें करते. नारळीकर २० मे २०२५ रोजीं पुण्यास निवर्तले. त्यांचें उत्तर टिकलें नसेल. परंतु आर्प, हॉइल, बर्बिज आणि त्यांच्यासारख्यांनीं प्रश्न इतका चिवटपणें लावून धरला नसता, तर या जोड्या इतक्या काळजीनें मोजल्या गेल्या असत्या काय?

“आतां आपली पाहणी,” चिमी म्हणाली. आजोबांनीं सुरू केलेली आणि पुढें बाबांनीं चालविलेली एक टांचणवही आमच्या पेटींत आहे. पाऊस, पेरणी, जन्म, मृत्यु, दुखणीं, बोलाविलेले डॉक्टर, सारें तींत मित शब्दांत नोंदलेलें. भाऊबीजेच्या दिवशीं आम्ही दोघें ती घेऊन बसलों.

काकू येण्यापूर्वींच्या वीस वर्षांत घरांत ८ माणसें गेलीं होतीं. ती आल्यानंतरच्या वीस वर्षांत ७. पाऊल पांढरें असो वा काळें, यमराजांनीं त्याची दखल घेतलेली दिसली नाहीं. येथवर सारा योगायोगच. परंतु १९६४ नंतर जे पांच मृत्यु झाले, त्या पांचहि नोंदींत बाबांनीं एक शब्द लिहिला होता: “धाकटी उशाशीं.” मी वही मिटणार होतों. चिमीनें माझा हात धरला. “फक्त मृत्यु नका मोजूं. दुखणीं मोजा.”

मोजलीं. “धाकटी उशाशीं” हे शब्द एकूण २६ दुखण्यांत होते. त्यांतले पांचजण गेले. एकवीसजण उठून बसले. बाळंतपणाचा ताप, न्यूमोनिया, कावीळ, आत्याचा मोडलेला खुबा! ती विधवा, निपुत्रिक, म्हणून ‘मोकळी’. तेव्हां घरांतलें प्रत्येक जड दुखणें तिच्या हवालीं केलें जाई. रात्र रात्र जागून ती माणसें वांचवीत होती. तीं वांचलीं, आणि वांचल्यामुळेंच विसरलीं गेलीं. जीं गेलीं, तेवढीं लोकांच्या लक्षांत राहिलीं, आणि त्यांच्या उशाशीं ती. तिचा आणि मरणाचा शेजार खोटा नव्हता. आम्हीं त्याचा अर्थ उलटा लावला होता.

एकवीस नांवांची यादी चिमी वाचीत होती. मध्येंच ती थांबली आणि तिनें वही माझ्या पुढें सरकविली. बाबांचें अक्षर ओळखीचें होतें. १९६५, भाद्रपद. माझें घरांतलें नांव. विषमज्वर. एकवीस दिवस. धाकटी उशाशीं.

मी तेव्हां दहा वर्षांचा होतों. त्या आजाराचें मला एवढेंच आठवतें, कीं कपाळावर कोणाचा तरी थंड हात असे. तो आईचा, असेंच मी साठ वर्षें समजत होतों. ज्या आजारानें एका वर्षापूर्वीं तिचा नवरा नेला, त्याच आजारांत ती माझ्या उशाशीं एकवीस रात्रीं बसली होती. आणि त्यानंतर सहा वर्षांनीं मी उंबऱ्यांत वहाण शोधीत उभा राहिलों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं माझी परत निघण्याची वेळ झाली. सामान गाडींत गेलें. मंडळी ओसरीवर जमली. काकू नेहमींप्रमाणें माजघराच्या दाराआड होती. तिच्या लुगड्याचा कांठ तेवढा दिसत होता. मी आंत गेलों आणि म्हणालों, “काकू, दहीं दे.”

तिला प्रथम ऐकूंच आलें नसावें; ती आतां त्र्यायशी वर्षांची आहे. मीं पुन्हा म्हटलें. ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग स्वयंपाकघरांत जाऊन वाटी घेऊन आली. मी ओसरीपर्यंत मागें मागें सरत गेलों, म्हणून तिलाहि दारांत यावें लागलें, सर्वांच्या समोर. ओसरीवर कोणी बोललें नाहीं. मीं हात पुढें केला. तिचा हात कांपत होता. दहीं थोडें माझ्या मनगटावर सांडलें.

“आतां कोणती परीक्षा देऊन राहिलास रे?” ती म्हणाली.

उत्तर मला सुचलें नाहीं. मीं तळहातावरचें दहीं खाल्लें, तिला वांकून नमस्कार केला, आणि तिच्या समोरून बाहेर पडलों.